हक्क तुमच्याकडे आहेत, सिनेमा कुठंय?

प्रति,
सिनेमांचे हक्क ज्यांच्या ताब्यात आहेत असे सगळे. म्हणजे मोठे स्टुडिओ, बुडालेल्या कंपन्यांच्या लायब्रऱ्या घाऊक भावात उचललेले धंदेवाले, निर्मात्यांची मुलं-नातवंडं, आणि आपल्याकडे असं काही आहे याचा पत्ताच नसलेले सुद्धा.

नमस्कार,

पत्र कुणा एकाच्या नावाने लिहिलेलं नाही कारण नावच सापडत नाही. ज्या सिनेमाबद्दल विचारायचंय त्याचे हक्क नक्की कुणाकडे आहेत हे शोधण्यातच माणूस दमतो, जुन्या डीव्हीडीच्या मागे बारीक अक्षरात जी कंपनी छापलीय ती दुसरीने घेतलेली असते, दुसरी तिसरीत विलीन झालेली असते, आणि तिसरीला विचारावं तर तिला यंदाच्या सिनेमांपलीकडे काही आठवत नाही. म्हणून सगळ्यांना मिळून एकच पत्र, ज्याला लागू पडेल त्याने आपलं समजावं.

आम्ही म्हणजे अजूनही डिस्क विकत घेणारी मंडळी. डीव्हीडी, ब्लू-रे, त्याच्या पुढची आणखी बारकाव्याच्या चित्राची फोरके, काहींनी लेझरडिस्कचा, म्हणजे डीव्हीडीच्या आधीच्या मोठ्या तबकडीचा, प्लेयरही जपून ठेवलाय आणि व्हीएचएसच्या कॅसेटी तर आहेतच. लोक हसतात, हसू देत. पण फुकट मागणाऱ्यांपैकी आम्ही नाही एवढं लक्षात घ्या, पदरचे पैसे घालायला तयार आहोत आणि तरी कोणी विकायला तयार नाही असा उलटा प्रकार चाललाय.

मागणी काय ते आत्ताच सांगून टाकतो, शेवटपर्यंत ताणत नाही. सिनेमा काढायचा नसेल तर तसं स्पष्ट सांगा, का काढत नाही ते सांगा, आणि दुसरा कुणी काढायला तयार असेल तर त्याला लायसन्स द्या. सगळं काढाच असा हट्ट नाहीये. ताकास तूर लागू न देता वर्षानुवर्षं गप्प बसता ना, त्याचा वैताग आहे.

न मिळणारा सिनेमा म्हटलं की लोकांना वाटतं कुठलातरी मूकपट असेल, नाहीतर कुणीच न पाहिलेलं काहीतरी प्रायोगिक. तसे आहेतच हो. पण स्टार वॉर्स घ्या. १९७७ साली थिएटरात जो लागला तो सिनेमा, नंतर १९९७ मध्ये बदललेला नाही, मूळचा. तो डीव्हीडीवर अधिकृतपणे आला २००६ मध्ये, तो पण सेटमध्ये बोनस डिस्क म्हणून, आणि त्यासाठी वापरलेला मास्टर, म्हणजे जिच्यावरून डिस्क छापतात ती मूळ प्रत, होता १९९३ च्या लेझरडिस्कचा. जगातला बहुतेक सगळ्यात जास्त ओळखला जाणारा सिनेमा आणि त्याची मूळ आवृत्ती बघायची तर लेझरडिस्कच्या मास्टरवर भागवा. जिथे याची ही गत तिथे बाकीच्यांचं काय सांगायचं.

जेम्स कॅमेरॉनचे द अबिस आणि ट्रू लाइज, एक १९८९ चा, एक १९९४ चा. दोन्ही मोठ्या स्टुडिओचे, दोन्हींवर पाण्यासारखा पैसा ओतलेला. डीव्हीडी आल्या १९९९-२००० च्या सुमाराला. त्यानंतर ब्लू-रे आलं २००६ मध्ये, त्याचा सुवर्णकाळ येऊन गेला, फोरके डिस्क आली २०१६ मध्ये, आणि या दोन सिनेमांची ब्लू-रे आणि फोरके अधिकृतपणे हातात पडली २०२४ च्या मार्चमध्ये. मधली सगळी वर्षं आमच्याकडे काय होतं तर त्या जुन्या नॉन-ॲनामॉर्फिक डीव्हीडी.

नॉन-ॲनामॉर्फिक म्हणजे काय ते ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. डिस्क बनवताना समोर चौकोनी टीव्ही धरलेला असतो, त्यामुळे वरच्या आणि खालच्या काळ्या पट्ट्या चित्रातच भाजून टाकलेल्या असतात. ही डिस्क आजच्या रुंद टीव्हीवर लावली की टीव्ही आपल्याकडून डाव्या-उजव्या बाजूला आणखी दोन पट्ट्या घालतो आणि मधोमध सिनेमा उरतो पोस्टाच्या तिकिटासारखा, चारही बाजूंनी काळं. झूम करा म्हणे. करतो की, पण ४८० ओळींच्या फ्रेममध्ये एवढ्या रुंद चित्राच्या वाट्याला येतात जेमतेम पावणेतीनशे ओळी, त्या ताणून मोठ्या स्क्रीनवर पसरल्या की माणसांच्या चेहऱ्याला कडा राहत नाही, लांबच्या शॉटमध्ये डोळे कुठे आणि नाक कुठे ते अंदाजाने ठरवायचं. द अबिस म्हणजे समुद्राच्या तळाशी घडणारा सिनेमा, सगळा अंधार आणि दिव्यांचे झोत, आणि अंधारात नुसते चौकोनी ठोकळे हलतायत. एवढी वर्षं.

आणि शेवटी आलं तेव्हा काय, तर कॉम्प्युटरकडून इतकं घासून-पुसून घेतलेलं, विशेषतः ट्रू लाइजमध्ये, की कातडीचं मेण झालंय अशी बोंब उठली. ग्रेन, फिल्मवरचे ते बारीक दाणे, म्हणजे घाण नाही हो, चित्र त्यानेच बनलेलं असतं, तो काढला की त्याच्याबरोबर चेहऱ्यावरचं बारीकसारीक पण जातं. असो, हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळं भांडू. निदान आलं तरी.

आता घोडं कुठं अडतं ते आम्हाला कळत नाही असं समजू नका. बऱ्यापैकी कळतं.

एलेन मे यांचा द हार्टब्रेक किड, १९७२ चा. दोन कलाकारांना ऑस्करची नामांकनं मिळालेला सिनेमा. याचे हक्क कुणाकडे गेले तर ब्रिस्टल-मायर्स स्क्विब या औषध कंपनीकडे. थट्टा नाही करत. सत्तरच्या दशकात या कंपनीने सिनेमा बनवणारी एक कंपनी घेतली होती, तो धंदा पुढे संपला, कागद मात्र राहिले. एक डीव्हीडी २००२ मध्ये आली, संपली, त्यानंतर जुन्या प्रतींचा भाव वाढत गेला. औषध कंपनीतल्या माणसाला मी दोष पण देत नाही, त्याच्या टेबलावर दुसरी कामं आहेत, सिनेमाचं लायसन्स मागायला कुणी आलं तर हे कुठल्या खात्यात पाठवायचं हेच त्याला ठाऊक नसणार. पण मग असं पडून राहिलेलं सिनेमावाल्या कुणाला तरी विकून का टाकत नाही? विकायला सुद्धा आधी यादी काढावी लागते, आणि यादी कुणी काढत नाही.

दुसरं घोडं संगीताचं. चार्ल्स बर्नेट यांनी किलर ऑफ शीप विद्यार्थी असताना बनवला, दहा हजार डॉलरच्या आत. गाणी घातली ती मनाला येतील तशी, कॉलेजातला सिनेमा कोण बाहेर दाखवणार म्हणून हक्कबिक्क काही घेतले नाहीत. झालं, तीस वर्षं सिनेमा रीतसर लागू शकला नाही. जाणकार लोक त्याला अमेरिकेतल्या सगळ्यात चांगल्या सिनेमांत धरतायत, १९९० मध्ये तिथल्या राष्ट्रीय यादीत त्याचं नाव गेलं, आणि बघायचा तर बघता येत नाही. शेवटी विद्यापीठाच्या अर्काइव्हने प्रिंट नीट केली, माइलस्टोन नावाच्या छोट्या वितरकाने गाण्यांचे हक्क मिळवले, त्यालाच दीड लाख डॉलर लागले, म्हणजे सिनेमाच्या पंधरापट, आणि २००७ मध्ये तो थिएटरात लागला आणि डीव्हीडी पण आली. हे कुणी केलं बघा. दोन-चार माणसांच्या वितरकाने. ज्यांच्याकडे वकिलांची फौज आहे त्यांनी नाही.

म्हणून गाण्यांच्या हक्काचा खर्च परवडत नाही असं कुणी म्हणालं तर मी समजून घेईन. खरंच. फक्त तेवढं म्हणा तरी. या या सिनेमात दोन गाण्यांचं अडलंय असं जाहीर झालं की पुढचं काहीतरी होऊ शकतं, कुणी पैसे उभे करेल, गाण्याचा मालक पुढे येईल, नाहीतर निदान आम्ही वाट बघणं सोडून देऊ. आत्ता काय होतं ते सांगतो. मी एका कंपनीला विचारलं होतं, एका जुन्या सिनेमाचं, जो पूर्वी कॅसेटवर निघालेला आणि त्यानंतर कुठल्याच डिस्कवर नाही. उत्तर आलं की आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे. ठीक आहे म्हटलं. काही महिन्यांनी परत विचारलं तर शब्दाला शब्द तेच उत्तर, आणि खाली माझ्या आवडीनिवडी ओळखून सुचवलेल्या तीन नव्या सिनेमांची जाहिरात. वाटाण्याच्या अक्षता पण जरा हाताने लावायच्या असतात, इथे मशीनने लावल्या.

बरं, पैशांचं बोलू, कारण तुम्ही तेच पुढे कराल की बाजार उरला नाही.

बाजार लहान झालाय हे खरं आहे, ते नाकारणार नाही. व्हीएचएसचा व्हीसीआर बनवणारी शेवटची कंपनी फुनाई, तिने २०१६ मध्ये थांबवलं. सॅमसंगने २०१९ मध्ये नवे ब्लू-रे प्लेयर आणणं सोडलं, एलजीने २०२४ मध्ये. नेटफ्लिक्सने टपालाने डीव्हीडी पाठवणं २०२३ मध्ये बंद केलं. हे सगळं आम्हाला तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं, कारण प्लेयर बिघडला की झळ आम्हालाच लागते.

पण याच काळात दुसरीकडे काय चाललंय ते पण बघा ना. क्रायटेरियन ही निवडक सिनेमे डिस्कवर काढणारी कंपनी १९८४ पासून आहे, लेझरडिस्कपासून सुरुवात केलेली, अजून महिन्याला नव्या डिस्क काढते. ॲरो, किनो लॉर्बर, इंडिकेटर, सेकंड रन, सेव्हरिन, रेडियन्स, व्हिनेगर सिंड्रोम, अशी किती नावं घ्यायची. यातली काही तर डिस्क मेली मेली असं सगळे म्हणत असताना सुरू झाली, व्हिनेगर सिंड्रोम २०१२ चं आहे, रेडियन्स २०२२ चं. ही मंडळी काय करतात, तर तुमच्यासारख्यांकडून लायसन्स घेतात, निगेटिव्ह कुठे आहे ते शोधतात, स्कॅन करतात, रंग दुरुस्त करतात, अभ्यासकांकडून लेख लिहून घेतात आणि थोड्या प्रती काढून विकतात. ट्वायलाइट टाइम नावाचं लेबल होतं, २०११ मध्ये सुरू झालं आणि २०२० पर्यंत चाललं, ते मोठ्या स्टुडिओंच्या धूळ खात पडलेल्या सिनेमांच्या बहुतेक वेळा फक्त ३,००० प्रती काढायचं. तीन हजार! तुमच्या हिशेबात ही संख्या दिसणार पण नाही. आणि त्यातल्या कितीतरी संपल्या आणि मग जुन्या मालाच्या बाजारात दुप्पट-तिप्पटने फिरायला लागल्या. त्या वरच्या पैशातला एक छदाम तुम्हाला मिळत नाही, लेबलला मिळत नाही, सिनेमा बनवणाऱ्यांना तर नाहीच नाही. जो आधी दोन प्रती घेऊन बसला त्याला मिळतो. हे तुम्हाला चालतं?

छोट्या लेबलला खर्च कुठे लागतो हे ही तुम्हाला ठाऊक आहेच. डीव्हीडीवर कॉपी प्रोटेक्शन ऐच्छिक होतं, नको तर नको. छापील ब्लू-रेला एएसीएस नावाचं कॉपी रोखणारं लॉक सक्तीचं, म्हणजे कुणाला ते लॉक नको असेल तरी त्याची फी भरायचीच. वर मास्टरिंग आहे, ऑथरिंग आहे, कव्हर आहे, आणि एकदा साचा बनवला की शंभर प्रती काढणं परवडतच नाही. हा सगळा धोका तो छोटा माणूस स्वतःच्या डोक्यावर घेतोय, तुम्हाला आधी लायसन्सचे पैसे मोजून. तुम्ही फक्त सही करायची आहे. ती सही मिळायला काही वेळा वर्षं लागतात म्हणे आणि काही वेळा पत्राला उत्तरच जात नाही.

आणि तेवढं पण करायचं नसेल तर मागणीप्रमाणे एकेक डिस्क काढून द्यायची पद्धत आहेच की. वॉर्नरने २००९ मध्ये सुरू केली होती, ऑर्डर आली की डीव्हीडी-आर वर सिनेमा उतरवून पाठवायचा, गोदाम नको, प्रती उरायची भीती नको. सुरुवातीला आम्हीच नाकं मुरडली, जांभळ्या डिस्क म्हणून चेष्टा केली, एक्स्ट्रा काही नाही, मेनू साधा. पण त्यातून असे असे सिनेमे बाहेर आले जे कॅसेटवर सुद्धा धड मिळत नव्हते. आणि मागाहून तेच लेबल छापील ब्लू-रे काढायला लागलं आणि आज त्यांच्या जुन्या सिनेमांच्या डिस्कचं नाव सगळे आदराने घेतात. म्हणजे जमतं. एका मोठ्या स्टुडिओलाच जमलंय, बाहेरून कुणी शिकवायला आलं नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल की सगळं स्ट्रीमिंगवर येतंय, डिस्क कशाला. सगळं येत नाही ही पहिली गोष्ट, कारण ज्याचा एचडी मास्टरच बनला नाही तो स्ट्रीमिंगवर तरी कुठून येणार, आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. आणि जे येतं ते राहत नाही. डिस्नेचा क्रेटर नावाचा सिनेमा २०२३ च्या मे महिन्यात त्यांच्याच स्ट्रीमिंगवर आला आणि सात आठवड्यांत तिथून काढला, डिस्क निघालेलीच नव्हती. म्हणजे बनवला त्यांनी, दाखवला त्यांनी, आणि हिशेबासाठी गायब पण त्यांनीच केला. हे नव्या कोऱ्या सिनेमाचं झालं. खरेदी केलंय म्हणून दाखवणारं बटण पण फसवं असतं, त्या पैशात आपल्याला फक्त बघायची परवानगी मिळते आणि ती काढून घेता येते, कॅलिफोर्नियाने तर २०२४ मध्ये कायदाच केला की गिऱ्हाइकाला हे आधी नीट सांगा. कपाटातली डिस्क रात्रीत कुणी काढून नेत नाही.

डिस्क अमर आहे असं मात्र मी म्हणणार नाही. लेझरडिस्कला रॉट लागतो, थरांमधला डिंक सुटतो, आतला ॲल्युमिनियमचा थर काळवंडतो आणि चित्रावर रंगीत ठिपक्यांचा पाऊस पडायला लागतो. डीव्हीडीला पण होतं. वॉर्नरने २०२५ मध्ये मान्य केलं की २००६ ते २००८ च्या दरम्यान छापलेल्या त्यांच्या काही डीव्हीडी वेळेआधी खराब होतायत. डिस्क उजेडासमोर धरावी, कडेपासून आत सरकणारा ढगाळ डाग दिसतो, एकही ओरखडा नाही, कव्हरमधून दोनदा सुद्धा बाहेर काढली नसेल, आणि तरी मध्यावर येऊन प्लेयर अडकतो. आता ज्या सिनेमाची डिस्क छापणं कधीच बंद झालंय त्याची ही अवस्था झाली तर बदलून काय देणार? दुसरी प्रत त्याच खेपेतली, तिलाही तेच होणार आहे.

आणि हे झालं आमच्या कपाटातलं. तुमच्या कपाटातलं जास्त घाबरवणारं आहे. नायट्रेटची जुनी फिल्म पेट घेते, १९३७ मध्ये फॉक्सच्या गोदामाला न्यू जर्सीत आग लागली आणि त्यांच्या मूकपटांतले बहुतेक गेले. त्यानंतरची ॲसिटेटची फिल्म पेटत नाही पण कुजते, डबा उघडला की व्हिनेगरचा वास येतो, फिल्म आकसते, वाकडी होते, आणि एका डब्यातून शेजारच्या डब्याला लागण होते. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने २०१३ मध्ये एक अहवाल काढला होता, मूकपटांच्या काळात तिथे बनलेल्या जवळपास अकरा हजार फीचर फिल्मांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक आहेत फक्त १४ टक्के. त्या काळातल्या मालकांनाही हेच वाटलं असणार ना की जुन्या सिनेमाला कोण विचारतंय, जागा अडते, टाका. जो सिनेमा डिस्कवर आला त्याच्यासाठी कुणीतरी डबे उघडलेले असतात, रीळ तपासलेलं असतं, स्कॅन केलेलं असतं. डिस्क काढायच्या निमित्ताने का होईना ते काम होतं. ज्याला कुणी मागतच नाही त्याचे डबे कोण उघडणार?

पायरसीबद्दल बोलायचं नाही असं ठरवलं होतं पण त्याशिवाय हे पत्र खोटं वाटेल. एडवर्ड यांग यांचा अ ब्रायटर समर डे, १९९१ चा, चार तासांचा. तैवानबाहेरच्या लोकांनी तो वर्षानुवर्षं पाहिला कशावर, तर धुरकट चित्राच्या नकली डिस्कांवर आणि व्हीसीडीवरून उतरवलेल्या कॉप्यांवर, सबटायटल्स अर्धे पांढऱ्या शर्टावर हरवलेले. सिनेमाचा अर्धा भाग रात्रीत घडतो, टॉर्चच्या उजेडात, आणि त्या कॉपीत रात्र म्हणजे नुसता करडा चिखल. तरी लोकांनी पाहिला, एकमेकांना दिला, त्याच्यावर लिहिलं, त्याचं नाव जिवंत ठेवलं. रिस्टोरेशन २००९ मध्ये झालं, क्रायटेरियनची ब्लू-रे आली २०१६ मध्ये. यांग २००७ मध्येच गेले होते.

चोरीचं समर्थन करत नाहीये. पण ज्या मालाला दुकानच नाही त्याची चोरी कशी रोखणार ते मला कुणीतरी समजावून सांगा. तुमचे वकील रिप, म्हणजे उतरवून नेटवर टाकलेल्या कॉप्या, काढून टाकायला जी तत्परता दाखवतात तेवढीच लायसन्सच्या अर्जाला दाखवली असती तर अर्धी यादी संपली असती. आणि ज्या दिवशी चांगली डिस्क येते त्या दिवशी हीच मंडळी, ज्यांच्याकडे रिप आहे तीच, सगळ्यात आधी ऑर्डर करतात.

आणखी एक दुखणं आहे, आलेला सिनेमा परत नाहीसा होण्याचं. लायसन्सची मुदत संपते, लेबलला डिस्क विकणं थांबवावं लागतं. २०१० मध्ये स्टुडिओकॅनाल या फ्रेंच कंपनीचे सिनेमे क्रायटेरियनच्या हातून गेले तेव्हा द थर्ड मॅनसारखी डिस्क एका फटक्यात आऊट ऑफ प्रिंट झाली आणि भाव आकाशाला भिडले. नव्या मालकाने नवी डिस्क काढली तरी जुनीवरची कॉमेंटरी, जुन्या मुलाखती, पुस्तिका, ते सगळं जुनीवरच राहतं. कॉमेंटरी करणारा माणूस तोवर गेलेला पण असतो. तुम्हाला वाटतं सिनेमा तर आहे ना मग झालं. झालं नाही. मूळ मोनो साउंड टाकून नुसता नवा सराउंड दिला, नाहीतर दिग्दर्शकाला म्हातारपणी रंग बदलायची हुक्की आली आणि जुने रंग कुठेच ठेवले नाहीत, तर डिस्क बाजारात असून सिनेमा न मिळणाऱ्यांत जमा होतो. दोन्ही आवृत्त्या द्या, जागा आहे डिस्कवर. फोरके डिस्कवर शंभर जीबी मावतं.

रीजन कोड, म्हणजे एका प्रदेशातली डिस्क दुसऱ्या प्रदेशातल्या प्लेयरवर चालू न देणारं कुलूप, तर आता हास्यास्पद झालाय. डीव्हीडीसाठी जग सहा तुकड्यांत वाटलं, ब्लू-रेला तीन. थिएटरात सिनेमा देशोदेशी वेगवेगळ्या वेळी लागायचा तेव्हाची ही भानगड, तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या सिनेमाला तिची काय गरज? फोरके डिस्कला रीजन कोडच नाहीये आणि कुणाचं आकाश कोसळलेलं दिसत नाही. जो सिनेमा जगात एकाच देशात डिस्कवर निघालाय त्याला तरी कुलूप लावू नका.

तर आता नेमकं काय करायचं म्हणाल तर एक यादी छापा. तुमच्या ताब्यात कुठले सिनेमे आहेत, कुठल्या प्रदेशाचे हक्क आहेत, कुणाला आधीच दिलेत का, निगेटिव्ह आहे की नुसती प्रिंट आहे की तेही नाही, आणि लायसन्स हवं असेल तर कुणाला लिहायचं. सुंदर दिसायला नको, साधा तक्ता चालेल. युरोपात २०१९ च्या कायद्याने व्यापारातून बाहेर गेलेल्या कलाकृतींसाठी अर्काइव्ह आणि लायब्रऱ्यांना थोडी वाट मोकळी करून दिलीय, म्हणजे बाजारात नसलेल्या गोष्टीचं काहीतरी वेगळं केलं पाहिजे हे कायदे करणाऱ्यांना सुद्धा पटलंय. पण तो रस्ता संस्थांसाठी आहे, आणि दुकानात मिळणारी डिस्क त्याने येत नाही, ती तुमच्याच सहीने येणार.

हक्क कुणाचे हेच कळत नसेल, दोन वारस भांडतायत, कागद हरवलेत, तर ते पण तक्त्यात लिहा. वाद चालू आहे एवढे तीन शब्द पुष्कळ झाले. आणि जो सिनेमा तुम्हाला स्वतःला लाज वाटते म्हणून दडवून ठेवलाय, असे पण आहेत, त्यात आजच्या नजरेला न पटणारं काहीतरी असतं, तो सुरुवातीला चार ओळींची टीप टाकून द्या. बघणारा लहान मूल नसतो.

छोट्या लेबलांना लायसन्स देताना रक्कम जरा त्यांच्या प्रतींच्या हिशेबाने लावा. आणि मुदत संपत आली की सहा महिने आधी तेवढं जाहीर करू द्या, म्हणजे ज्यांना घ्यायचीय ते रीतसर भावात घेतील आणि साठेबाजांची दिवाळी होणार नाही.

उत्तर नाही असं असलं तरी चालेल, पण ते माणसाने लिहिलेलं असू दे.

आपला,
डिस्क विकत घेणारा एक गिऱ्हाईक

ता. क. डिस्क काढताच आहात तर सबटायटल्स घाला. सिनेमा त्याच्या देशात सुंदर रिस्टोर होऊन ब्लू-रेवर येतो आणि त्यावर एकही परभाषेतलं सबटायटल नसतं, असं किती जपानी डिस्कांचं सांगू. मग कुणीतरी रात्री जागून स्वतः भाषांतर करतो, वेळा जुळवतो, ते दुसऱ्या कॉपीवर चढवतो, आणि ते जुळत नाही कारण ती कॉपी पाल नावाच्या टीव्ही पद्धतीची निघते, चोवीसऐवजी पंचवीस फ्रेमने धावणारी, त्यामुळे शंभर मिनिटांचा सिनेमा शहाण्णव मिनिटांत संपतो आणि शेवटच्या रिळात पात्र आधी बोलून मोकळं होतं, ओळ मागून येते.